बाकाखालची माती

चिमणबागेत अंधार उतरला तरी
यादीत आठच नावं.
शॉर्टस्टॉपची जागा कोरी.

तृप्ती किबे, तिसरं वर्ष.
दोन हंगाम तिनं पाण्याच्या बाटल्या भरल्या,
हेल्मेटं पुसली,
एकदाही विचारलं नाही, "सर, मी कधी?"
ते न विचारणंच आता
माझ्या मानगुटीवर बसलंय.

हेमा मंडलोई, पहिलं वर्ष, सनावदची.
हात चांगला. पण हाताचं काय,
दर जुलैत चार चांगले हात येतात
आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत.

आज सामना संपल्यावर बाक उचलायला गेलो.
ती बसली होती तिथली माती खरवडलेली.
बुटांच्या टाचा डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
सातही डाव.
कुणी बोलावलं नव्हतं
तरी प्रत्येक चेंडूला ही पोरगी निघाली होती.

शेजारी, तृप्तीच्या पायांशी,
माती गुळगुळीत, झाडल्यासारखी.
असं बसायला तिला
मीच शिकवलं ना?

पेन्सिलीनं लिहितो: मंडलोई.
मग स्कूटर रामबागेकडे वळवतो, किब्यांच्या घरी.
निदान हे तिला
नोटीस बोर्डावरून कळू नये.