सुकट

नेरळहून टेम्पोत उभी राहून आली,
वडखळ नाक्यावर म्हणे एकदाच खिंकाळली,
आणि अलिबागला उतरली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या.
मी मोजल्या. दोन्ही बाजूंचा आकडा जुळेना.
आई म्हणाली, घोडी आणायला गेलेलात की सुकट?
तेच नाव पडलं.
पुण्याच्या बायकांनी विचारलं तर मात्र दादा सांगायचे, 'सुकती.'
सुकती म्हणजे ओहोटी हो, आमच्याकडे.
सुकट म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावतात.

माथेरानची ती, खुरांच्या भेगांत अजून लाल माती.
समुद्र पाहिलेला नव्हता.
पहिली लाट आली तशी अदबीनं बाजूला झाली,
घाटात समोरून येणाऱ्या घोड्याला वाट द्यावी तशी.
लाट परत गेली.
सुकट मान वळवून बघत राहिली:
हा कसला घोडा,
जातो न् येतो, पाठीवर कोणीच नाही.

किल्ल्याची वाट ओहोटीपुरती उघडी.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते,
दादा बोटांवर करायचे, विडी न विझवता.
सुकटीला तिथी लागायची नाही.
तिचा डावा कान मागे पडायचा,
बस्स.

त्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड होतं, दोनशे रुपये जादा,
आणि माझ्या वह्या आणायच्या होत्या.
अर्ध्या वाटेत ती थांबली.
दादांनी तीनदा चाबूक मारला.
मी पुढच्या पाटीवर बसले होते,
तिसऱ्या वेळी तिच्या पाठीची कातडी थरथरलेली मला दिसली,
पाय हलले नाहीत.
वऱ्हाड शिव्या देत उतरलं, पैसे परत मागितले.
पाऊण तासानं आम्ही सगळे वाळूत उभे होतो
आणि किल्ल्याच्या वाटेवर छातीभर पाणी.
दादांची पाऊणपट चुकली होती.
रात्री त्यांनी तिला हळद-तेल लावलं, कोणाशी बोलले नाहीत.
चाबूक चुलीत गेला.
वेताचा होता, धडपणे जळलाही नाही.

बरणीतलं मीठ मी चोरायचे तिच्यासाठी.
खडे मीठ, तळहातावर.
तिची जीभ खरखरीत, आणि चाटताना डोळे दुसरीकडेच,
जसं काही हे देणंघेणं आमच्यात नाहीच.

आता हे सांगायला हवं.
अकरावीत वर्गातल्या मुली चौपाटीवर आल्या होत्या.
सुकटीनं मला ओळखलं, लांबूनच हाक दिली.
एकीनं विचारलं, तुमची का गं ती?
मी म्हणाले, इथल्या सगळ्या सारख्याच दिसतात.
मूठ बंद होती माझी. त्यात मीठ होतं.
घरी येईपर्यंत त्याचं पाणी झालं.

मार्गशीर्षात गेली, भर दुपारी, तोंडात गवत असताना.
नगरपरिषदेची गाडी म्हणाली दोन दिवस लागतील.
मग पाच टांगेवाल्यांनी धंदा बंद ठेवून सुरूच्या बनात खड्डा घेतला,
मिठागरातून मोतीरामकाकांनी सहा गोणी पाठवल्या,
आई, जी तिला कायम 'मेली' म्हणायची,
पदर खोचून खड्ड्यात उतरली आणि म्हणाली,
अजून एक हात खोल. कुत्री उकरतील.
गोण्या फोडल्या.
एवढं मीठ, एकदम.
मी बघू शकले नाही.

मागल्या दिवाळीत मुलाला घेऊन गेले किल्ल्यावर,
कुणा दुसऱ्याचा टांगा, पांढरा उंच घोडा, कपाळावर प्लास्टिकचा तुरा.
अर्ध्या वाटेत मी ओरडले, थांबव.
पोरगा म्हणाला, ताई, अजून दीड तास आहे की.
बरोबर होतं त्याचं, मोबाईलवर मिनिटासकट लिहिलेलं.
घोड्याचे दोन्ही कान पुढे, निवांत.
पूर्ण पैसे दिले, उतरले, मुलाचा हात धरून परत चालत निघाले.
तो सारखा विचारत होता, तू घाबरलीस का?
सँडल हातात घेतल्या होत्या आम्ही.
पाणी घोट्यालाही लागलं नाही.