खरं असेल तेच

नारिनहून खोकं आलं,
खिंडीत दोन दिवस बर्फात अडकून.
ज्वालामुखी, मुंग्या, माणसाची हाडं.
गारठलेल्या बोटांनी मी शिक्के मारत होते,
पानं अजून एकमेकांना धरून.

तालायला गोष्टी नकोत.
"खरं असेल तेच द्या, एजे."
यंत्रांचं पुस्तक त्यानं उभ्यानंच उघडलं,
टॉवर क्रेनपाशी थांबला,
शिडीच्या पायऱ्या मोजत गेला बोटानं.
चित्रात सगळ्या मावल्या नव्हत्या.

"वरच्या केबिनमध्ये शेगडी असते का?"

शेवटच्या सूचीत आम्ही दोघांनी शोधलं.
श मध्ये नाही. क मध्येही नाही.
बाप नोवोसिबिर्स्कला, तिसरा हिवाळा.

कार्डावर रकाना असतो : परतीची तारीख.
मी पेन उचललं
आणि मागच्या मुलीचं कार्ड आधी भरलं.