वजन : आकडा

सावद्याच्या केळी-ऑफिसात पंखा पाचावर,
आणि तरी की-बोर्डला घाम.
नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिलेला हा प्रोग्राम,
तेव्हा चारशे ओळींचा.
आता मोजायचं सोडून दिलंय.

हाताला येईल तसं लिहीत गेलो.
तू कोण, कुठल्या प्रकारचा, हे विचारायची
त्या भाषेत पद्धतच नव्हती.
दारात आला तो आत.
आधी पाणी, मग नाव-गाव.

परवा रात्री रॅक भरताना काट्यावरून दोन वजनं आली,
एकशे वीस आणि पंच्याऐंशी.
दोनशे पाच व्हायला हवी होती.
पण पंच्याऐंशी आकड्याच्या वेषात अक्षरं होती,
मग प्रोग्रामने दोघांना शेजारी शेजारी बसवलं:
बारा हजार पंच्याऐंशी क्विंटल.
गिरधर वारकेने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"भो, येवढी केयी त पुऱ्या निंभोऱ्यात नही."

फेगड्यांची चारुलता पुण्याची नोकरी
लॅपटॉपमध्ये घालून महिनाभर गावी आलेली.
म्हणाली, काका, नावापुढे दोन टिंबं द्या,
आणि लिहा: आकडा.
टिंबं कसली?
विसर्गासारखी. दुःखात असतात तशी.

मी भडकलो.
रावेरच्या तहसीलात पोराच्या दाखल्यासाठी
सात चकरा मारलेला माणूस मी.
आयुष्यात एक भाषा भेटली
जी जात विचारत नव्हती,
आता तिच्याही दारात खिडकी क्रमांक तीन?

दाखला अडवतो, काका. ही नुसती चिठ्ठी.
प्रोग्राम चालताना भाषा तिच्याकडे बघतसुद्धा नाही.

मग कोणी न बघणारी चिठ्ठी लावायची कशाला?

मी बघते ना, ती म्हणाली.

आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात कळण्याचं पीठ,
साबुदाण्याच्या बरणीत मेथ्या.
वीज गेली तरी बायकोचा हात चुकत नाही.
ती लेकीच्या बाळंतपणाला भुसावळला गेली
तेव्हा भरितात रांगोळी घालता घालता मी वाचलो,
तेही शेजारीण खिडकीतून ओरडली म्हणून.
हे चारुलताला सांगितलं नाही.
सांगायला नको होतं, तिचाच मुद्दा होता तो.

रात्री बसलो.
वजन : आकडा.
भाव : आकडा.
गाव : अक्षरं.
तासाभरात अकरा लाल रेघा.
एक फंक्शन सापडलं, माझंच,
जे कधी भाव परत द्यायचं
आणि कधी काहीच नाही.
मला ते माहीत होतं.
नऊ वर्षं मी त्या गप्प बसण्याला
शून्य समजून पुढे जात होतो,
आणि कुणाकुणाची पट्टी
त्या शून्यात गेली असेल
ते काढायला आता वह्या शिल्लक नाहीत.

पहाटे तीनला लाल रेघ एकही नाही.
चारुलताने चहा मागवला.
गिरधरने पहिली नोंद टाकली.
माल : अक्षरं. केयी.
पास.
आणि हिशोबात दोन माल उभे राहिले,
केळी एकीकडे, केयी दुसरीकडे,
जशी दोन वेगळ्या झाडांची.
"दोन्ही एकच त हायेत," गिरधर म्हणाला,
आणि चारुलता पहिल्यांदा गप्प झाली.
आमच्याकडे ळ चा य होतो
हे कुठल्या दोन टिंबांना सांगायचं?

उजाडताना रॅक हलला.
डब्याच्या दारावर गिरधरचा खडू: केयी, सावदा.
दिल्लीत ते कोणी वाचणार नाही.
दार ओढतील, आधी वास घेतील.

उरलेल्या फंक्शनांना चिठ्ठ्या लावतोय.
रोज तीन-चार.
एक सोडलंय तसंच,
वरच्या बाजूला, पाणी देणारं.