नेहमीसाठी हाच ठेवायचा का?

समुद्र गोठला की हीउमा बेटावर जायला बोट लागत नाही.
बर्फावर रस्ता आखतात, कडेने जुनिपरच्या फांद्या रोवून,
आणि त्या रस्त्यावर सीटबेल्ट सोडून ठेवायचा असा नियम आहे:
बुडालोच, तर निघता यावं.

त्या रस्त्याने फेब्रुवारीत मी साल्मे टांबकडे गेलो,
पेनड्राइव्ह, चार्जर, आईने बांधून दिलेला काळा पाव.
नगरपालिकेच्या यादीत ती अकरावी.
तक्रार: औषधांचं पान उघडत नाही.

ब्राउझर नऊ वर्षं जुना.
कोपऱ्यात लाल बाण, अपडेट करा, अपडेट करा
म्हणून म्हणून घसा बसलेला.
"तो रोजच असतो," साल्मे म्हणाली,
"मला वाटलं शोभेचा आहे."

नवी आवृत्ती उतरायला लागली, रांगत.
चौदा टक्के. तिने कॉफी ठेवली.
एकोणीस. धुरावलेला मासा सोलला,
काटे वेगळ्या बशीत, मांजर नाही तरी.
बत्तीसवर अडकलं,
आणि आम्ही दोघं त्या आकड्याकडे
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसे बघत राहिलो.

मग चौकट आली:
हा तुमचा डिफॉल्ट ब्राउझर करायचा का?

"म्हणजे?"
म्हणजे, मी म्हटलं, काहीही उघडायचं झालं,
पत्रातला दुवा, बँकेची पावती,
की कुणाला विचारायचं नाही. थेट याच्याकडे.
ती हसली.
"मग ते काम मी केलंय."

एकसष्ट ते ब्याण्णव,
दुकानामागची खोली, साठ भोकांचा फळा,
पितळी टोकांच्या दोऱ्या.
कुणीही रिसीव्हर उचलला की आधी साल्मे.
डॉक्टर हवाय, साल्मे.
मुलगी झाली, साल्मे.
वारा फिरलाय, होड्या आत घ्यायला सांग.
"नंबर कोण सांगतंय! 'आईला दे' एवढंच म्हणायचे.
कुणाची आई, ते मी खोकल्यावरून ओळखायचे."

मग तालिनहून एक पोरगा आला, तुझ्याच वयाचा, सर्दी झालेला.
भिंतीवर करडी पेटी ठोकली,
साडेपाचची बोट धरून परत गेला.
"फळा नाही काढला त्याने. दिवा लागायचा आत.
महिनाभर मी जाऊन बसत होते, कानाला लावून.
पगार चालू होता ना."

कॉफी गार झाली होती.
"यातला जुना जाईल का?"
जात नाही, मी म्हटलं. राहतो इथेच.
फक्त त्याला कुणी हाक मारत नाही.
"हं."

बोटं ॲप्रनला पुसून तिने माउस माझ्या हातून घेतला.
बाण 'हो'वर नेला. थांबली. खिडकीबाहेर काहीच नव्हतं,
पांढऱ्यावर पांढरं.
"दाबते बाबा. गोळ्या तर हव्यातच."

पान उघडलं: तीन गोळ्या, डोळ्यांचे थेंब,
आणि तिचं नाव, स्पेलिंग चुकलेलं.

निघण्याआधी मी सेटिंग तपासलं, सवयीने.
सगळं नव्याकडे वळलेलं, एक ओळ सोडून:
संगणकातच साठवलेली पानं अजून जुनाच उघडत होता.
पान एकच होतं. नाव 'घरं'.
दोनदा टिचकी मारली, लाल बाणासकट जुना उभा राहिला:
साठ नंबर, आठवणीतून टाइप केलेले, पुढे शेरे.
बहिरा, लांब वाजव.
रात्री नऊनंतर नको, नवरा चिडतो.
हिला हवामान आधी सांग, मग बातमी.
अर्ध्याअधिक नावांपुढे फुली.

ती ओळ मी बदलली नाही.
अहवालात लिहिलं: काम पूर्ण.

परतताना अंधार, बर्फ खालून कुरकुरतोय,
पट्टा सोडलेला, खिडकी बोटभर उघडी.
फोन वाजला. आई.
पोचलास का रे, म्हणाली,
आणि मी, का कोण जाणे, आधी थोडा खोकलो.