इतिवृत्त लिहिणारीकडून

मारिसेल, उद्या दहाला तू शपथ घेशील.
आवाज कापला तर कापू दे.
मी इतिवृत्तात आवाज लिहीत नाही.

चिलोएच्या या टोकाच्या नगरपालिकेत
एकतीस वर्षं मी लिहीत आले :
कोण हजर, कोण गैरहजर,
कुठल्या ठरावाला किती हात.
सहा महापौर झाले. दोन भले होते, एक हुशार,
आणि एक असा, की त्याच्या अंत्ययात्रेला
सगळं गाव लोटलं,
अन् धक्क्यावरचे दिवे तेव्हाही बंदच.

परवा मासळीच्या शेडमागे तू सल्ला विचारलास,
मी घाईत आहे म्हणाले.
घाई नव्हती. घाबरले होते.

तर ऐक.
तुझी खुर्ची खिडकीकडून तिसरी.
तिथं टेबलाचा एक पाय तोकडा आहे,
त्याखाली घडी घातलेला कागद.
वाकून काढ. वाच.
पलीकडच्या बेटावर उतरायला फरशीचा उतार बांधावा,
एकमताने मंजूर, साल अठ्ठ्याण्णव.
अक्षर माझंच.
टेबल डुगडुगेल जरा. डुगडुगू दे.

भाषण तुला येतं.
बाजारात ऐकलं मी, शिंपल्यांच्या भावावरचं.
टाळ्या पडल्या तेव्हा तुझे कान लाल झाले होते.
ती लाली जप.
टाळ्या पडूनही कान गार राहिले
तर समज, आता घरी जाऊन
बटाटे सोलायची वेळ झाली.

पहिल्या नाताळाला कंपनीकडून सॅल्मन येईल,
बर्फात घालून, ‘कुटुंबासाठी’ अशी चिठ्ठी.
मासा चांगला असतो, हीच त्यातली अडचण.
मासा दोन दिवसांत वास मारतो,
मिंधेपणा वर्षानुवर्षं ताजा राहतो.

आता जे सांगायचं होतं ते.

दोन हजार नऊ, जून.
खाडीकाठची जागा भाड्याने द्यायचा विषय.
तिघं तावातावाने उठून गेले,
गणपूर्ती उरली नाही.
महापौर हळूच म्हणाले,
‘एदुविना, थंडी फार आहे. सगळे होते, असं लिही ना.’
थंडी खरंच फार होती.
मी लिहिलं.
धमकी नाही, पाकीट नाही,
नुसती थंडी, आणि घरी चुलीवर ठेवलेलं सूप.
पाणी कुठं मुरतं म्हणून लोक तळघरं धुंडाळतात, पोरी,
ते माझ्या पेनातून मुरलं.

त्या कुंपणाआड नेल्दाची वाट गेली,
ओहोटीला समुद्रशेवाळ गोळा करायला जायची ती.
आता लांबून वळसा घालून जाते,
गुडघे धरत.
दर शरदात मला बटाट्याची टोपली आणून देते,
जांभळे, मातीसकट.
तिला माहीत नाही.
आता तुला माहीत आहे.

म्हणून सही करायच्या आधी वाच.
सगळ्यांचं वाच, माझं आधी वाच.
राग येईल मला. येऊ दे,
माझा राग दुपारच्या चहापलीकडे टिकत नाही.

आणि पहिल्याच दिवशी पूल मागू नकोस, इस्पितळ मागू नकोस.
एवढंच माग :
सभा दहाऐवजी साडेअकराला.
पलीकडच्या बेटाची बोट अकराला लागते.
म्हातारी त्रान्सितो काठी टेकत पायऱ्या चढून येते
तेव्हा इथं कोट चढवणं चाललेलं असतं,
कुणीतरी तिला बिस्किट देतं.
इतकी वर्षं येतेय, आणि तिचं नाव
माझ्या एकाही पानावर नाही.

हसतील. कुणी जेवणाचं कारण काढेल,
कुणी म्हणेल, बोटीची वेळ बदला.
चार हात लागतील.
एक तुझा. तीन तू शोध,
त्यातला एक बर्नाबेचा मिळेल, तो त्रान्सितोचा भाचेजावई आहे
आणि हे विसरून बसलाय.

मला मत नाही.
मी फक्त लिहिते.
या खेपेला हात मोजून लिहीन.