हयसर शून्य व्हया

तिसऱ्यांदा बॅटरी बसली तेव्हा
गाडी शिरोड्याला मिठागराच्या बांधावर उभी होती,
एक्क्याण्णवची मारुती, रंग कधीकाळी आकाशी,
आणि मी, तोलकाट्यावरची कारकून,
पावत्यांचं पुस्तक काखेत धरून
मीठ ओढणाऱ्या दोघांना म्हणाले, जरा धक्का.

रेडीच्या रस्त्यावर इनास रॉड्रिग्जची शेड.
त्याने बॉनेट उघडलं आणि काहीच केलं नाही.
न पेटवलेली विडी ओठात,
नुसता ऐकत राहिला इंजिन.
मला घाई. मी सगळं सांगून टाकलं:
लाल दिवा पुरता पेटत नाही, पुरता विझत नाही,
राखेखालच्या निखाऱ्यासारखा.
रात्री वायपर लावला की हेडलाइट मंदावतात,
हॉर्न दिला तर दचकतात.
दोन बॅटऱ्या झाल्या, पट्टा नवा,
सावंतवाडीत अल्टरनेटरचे ब्रश बदलले,
आणि वेंगुर्ल्याच्या केळुसकर बॅटरीवाल्याला
भर बाजारात चोर म्हणून झालं.
हे शेवटचं सांगायची गरज नव्हती.

मीटरच्या दोन काड्या, तांबडी आणि काळी.
आधी बॅटरीच्या डोक्यावर: बारा पूर्णांक चार.
चालू गाडीला चौदा हवेत, एवढं आता मलाही ठाऊक.
मग अल्टरनेटरवर, काळी त्याच्याच अंगाला टेकून:
चौदा पूर्णांक तीन.
‘मशीन बरा आसा,’ इनास म्हणाला,
‘करता तां बरोबर करता. पोचना नाय.’

मग तो वाटेला लागला.
तांबड्या बाजूला दशांशभर गळती. सोडून दिली.
तांबडी काडी बॅटरीच्या ऋण टोकावर,
काळी इंजिनच्या उघड्या लोखंडावर.
‘हयसर शून्य व्हया.’
आकडा आला एक पूर्णांक आठ.

जन्मभर मी आकडे भरत आले,
वजन, ओल, वजावट;
शून्य आलं की पावती रद्द.
शून्यच हवं असतं अशी जागा
मी पहिल्यांदा पाहिली.

‘गाडयेक अर्थ गावना नाय.’
मी हसले. मराठीत ते फारच मोठं वाक्य झालं.
तो हसला नाही. त्याच्या धंद्यात अर्थ म्हणजे
इंजिनपासून बॉडीला जाणारी
वीतभर पट्टी, तांब्याची, वेणीसारखी विणलेली.
वाकून दाखवली त्याने.
बाहेरून वेणी, आत हिरवं पीठ.
बोल्टाखाली पांढरं काहीतरी;
बोटाला लावून जिभेवर ठेवलं, खरंच ठेवलं.
‘तुमचाच मीठ.’

बावीस वर्षं तोललंय मी ते.
पोत्यामागे किती गळतं, वाऱ्यावर किती जातं,
तेही लिहिते, वेगळ्या रकान्यात.
कुठे जातं, हा रकाना नव्हता.

पॉलिश पेपर, नवी पट्टी, वर ग्रीसचं बोट.
एकशेसाठ रुपये. मीटरवर शून्य पूर्णांक शून्य तीन.
इनासने त्यालाही नाक मुरडलं,
मग म्हणाला, ‘चलात.’ आणि विडी पेटवली.

संध्याकाळी मोचेमाडची चढण.
हेडलाइट लावून, कोरड्या काचेवर वायपर लावून,
रिकाम्या वळणावर हॉर्न.
दिवे दचकले नाहीत.
पुन्हा दिला. नाहीच.

वेंगुर्ल्यात केळुसकर शटर ओढत होता.
आधी गाडी ओळखली त्याने, मग मला.
‘परत?’
इंजिन मी चालूच ठेवलं होतं.
‘बॅटरी नको,’ एवढं जमलं.
पुढचं वाक्य चढणीवर तीनदा म्हणून पाहिलं होतं,
निघालं तेव्हा पुरतं होतं;
ओठांशी येईतो वाटेत कुठेतरी
त्यातलं बरंच उतरलं.

शटर अर्ध्यावर धरून तो थांबला.
खाली ओढलं नाही. वरही केलं नाही.