तेलाचा माग

सग्डनने गाडी दिली तेव्हा एक पुठ्ठाही दिला.
"खाली टाकत जा," म्हणाला, "नाहीतर फरशी बरबाद होते."
पुठ्ठ्यावर डागांवर डाग,
कोणता कोणत्या सालचा त्यालाही सांगता येईना.

अडुसष्टची ट्रायम्फ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.
त्याच्या हाताला आता कंप आहे, पाना नटावर बसत नाही.
किंमत ठरली तीनशे पौंड,
आणि रविवारी सकाळी किक मारायची ती
त्याच्या खिडकीखाली.

दिवसा मी कीथलीच्या इस्पितळात माणसांचे एक्स-रे काढते.
श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.
दुखतं खांद्यात आणि बिघाड निघतो मानेत,
हे मी वीस वर्षं बघते आहे,
तरी शेडमध्ये शिरले की अक्कल बाहेर चपलांपाशी.
थेंब खाली पडतो म्हणून मी खालचंच गॅस्केट बदललं.
दोनदा.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग तिला न्हाऊ घातलं.
रॉकेल, जुना टूथब्रश, फटीफटीतून काडी,
चिंध्यांनी कोरडी केली,
आणि मावशीने सोलापूरहून पाठवलेला
वाळ्याच्या वासाचा पावडरचा अख्खा डबा
इंजिनवर रिकामा केला.
पांढरी फटक होऊन उभी राहिली,
शिमग्याचं सोंग.

ओकवर्थचा चढ चढून उतरले, बारा मिनिटं.
दगडी भिंतींमागच्या मेंढ्यांनी मान वर करून बघितलं.
परत येऊन टॉर्च लावला:
पावडर ओली झाली होती वर, डोक्याशी,
रॉकरच्या टोपणाखाली नखाएवढी,
आणि तिथून वाऱ्याने तेल मागे मागे नेऊन
कुठल्या कुठे टाकलं होतं.
शेडमध्ये गरम तेलाचा वास,
त्यात वाळा.

तांब्याचे वॉशर गॅसवर लालबुंद केले, पाण्यात टाकले,
चर्र झालं, मऊ झाले.
टोपणं आवळली. जास्त नाही, अॅल्युमिनियम आहे.
पुशरॉडच्या नळ्यांना नवी रबरी कडी.
आठवडाभर ठीक.
मग डावीकडून.
ते बुजवलं तर उजवीकडून.
मी तिला मराठीत काय काय बोलले
ते यॉर्कशरमध्ये कुणाला कळलं नाही हे बरं.

एका रविवारी सग्डन खाली आला,
पायजम्यावर कोट, कपात अर्धा चहा, अर्धा बशीत.
"मागच्या नळीच्या तोंडाशी हात धर.
फुंकर लागते का?"
धरला.
इंजिन धडधडत होतं, हात कोरडा.
काहीच नाही.

नळी काढली. मडगार्डखालचं तिचं टोक
चिखलाने लिंपलेलं,
बोटाने गुळगुळीत करावं तसं.
आत मधमाशीची खोली. एकटीच राहणारी असते एक जात.
पाठीमागे दुसरी भिंत, त्यामागे अजून एक,
आणि तपकिरी वाळलेले कोश, बडीशेपेएवढे.
गाडी त्याच्या अंगणात उभी होती ती वर्षं.
बायको आजारी होती ती.
तो कोशांकडे बघत राहिला. मग म्हणाला,
"चहा गार झाला," आणि वर गेला.

कोश मी कुंडीतल्या मातीत ठेवले, का कुणास ठाऊक.
नळी धुतली, फुंकली, चढवली.
किक. दुसरी किक.
आणि तळहातावर फप् फप् फप्,
ऊन, जरा ओलसर,
जसं झोपलेल्याच्या नाकासमोर हात धरावा.
वरती खिडकीची काच सरकल्याचा आवाज आला.

त्यानंतर नवा पुठ्ठा घातला, पेन्सिलने तारीख टाकली.
सोमवार कोरडा. मंगळवार कोरडा.
बुधवारी ड्यूटीवरून येऊन आधी वाकून बघितलं,
कोट न काढता.
शुक्रवारी एक थेंब.
बोट लावलं, वास घेतला,
पोटात गोळा आला होता तो विरला.

चेनचं होतं.
सग्डनला सांगितलं तर म्हणाला,
"मग बरं. मला वाटलं टाकीच रिकामी आहे."